सराफाची खिडकी

हाँगकाँगच्या एखाद्या वाहनतळात गाडी लावली की निघताना पैसे भरायची खिडकी शोधावी लागते. त्या खिडकीवर चिनी अक्षरांच्या सोबतीला इंग्रजीत एकच शब्द असतो, 'श्रॉफ'. लंडनहून आलेला पाहुणा त्या पाटीपुढे बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या घरच्या इंग्रजीत हा शब्द कोणी वापरत नाही. मुंबईहून आलेला मात्र मनाशी हसतो. हा तर आपला सराफ! मूळचा अरबी 'सर्राफ', म्हणजे नाणी पारखून मोडून देणारा. तो फारसीतून आपल्याकडे आला, हिंदुस्थानच्या बंदरांत गोऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी 'श्रॉफ' झाला, जहाजांबरोबर चीनच्या किनाऱ्याला लागला आणि तिथे इंग्रजी म्हणून राहिला. परदेशी व्यापारासाठी आणि वित्तव्यवहारासाठी लागणारी 'बिझनेस इंग्लिश' शिकायला आज जगभर लाखो माणसे बसतात. शिकवणीत त्यांना उच्चार, व्याकरण आणि पत्राचा मायना शिकवतात. पण ही भाषा मुळात कोणाची, ती कोणी घडवली आणि तिच्यात शिकण्यासारखे नेमके काय आहे, हे कळायचे असेल तर आपल्याला त्या खिडकीपासून सुमारे सातशे वर्षे मागे जावे लागेल.

चौदाव्या शतकारंभीचे लंडन डोळ्यांपुढे आणू. इंग्लंडची लोकर तेव्हा युरोपभर नावाजलेली होती, पण ती उचलून तिचा पैसा देशोदेशी फिरवणाऱ्या मोठ्या पेढ्या इटलीच्या होत्या. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीचा लंडनमधला कारभार काही वर्षे फ्रान्चेस्को पेगोलोत्तीकडे होता. कोणत्या बंदरात कोणते वजन, कोणते माप, कोणते नाणे चालते हे सांगणारे एक हातपुस्तक त्याने १३४० च्या सुमारास रचले. त्याच्या आरंभी जकात, बाजार अशा गोष्टींना ठिकठिकाणी काय म्हणतात याची यादी आहे. व्यापारासाठी परभाषा शिकण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. व्हेनिसच्या ग्रंथालयात जपलेल्या 'कोडेक्स कुमानिकुस' या हस्तलिखितात लॅटिन, फारसी आणि कुमान तुर्की शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत, आणि त्याचा काळ १३०३ च्या आसपासचा मानतात. या याद्यांत इंग्रजीला मानाचे स्थान नाही. लंडनमध्येच हिशेब लॅटिनमध्ये राहत, कायदा फ्रेंचमध्ये बोले आणि हुंडणावळ इटालियनमध्ये ठरे. पौंडाचे चिन्ह लॅटिन 'लिब्रा'चे आद्याक्षर आहे. 'बँक' हा शब्द इटालियन सावकाराच्या बाकावरून आला आणि दिवाळखोरीचा इंग्रजी शब्दही इटालियनमधूनच. लंडनच्या पैशाच्या पेठेला 'लोम्बार्ड स्ट्रीट' हे नाव पडले, ते उत्तर इटलीच्या लोम्बार्डांवरून. प्रातो गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी १४१० साली वारला, तेव्हा त्याच्या मागे सुमारे दीड लाख पत्रे उरली. लंडनच्या अडत्यांची पत्रेही त्यांत आहेत. व्यापारी भाषेच्या शाळेत इंग्रज माणूस त्या वेळी मागच्या बाकावर बसलेला होता.

या शाळेची पाठ्यपुस्तके कुठे तयार झाली, तर ब्रुज आणि अँटवर्पमध्ये. ब्रुजच्या एका शिक्षकाने चौदाव्या शतकात फ्रेंच आणि फ्लेमिश भाषांत संवादांचे पुस्तक लिहिले होते. नमस्कार कसा करावा, कापडाचा भाव कसा विचारावा, घासाघीस कशी करावी, असा त्याचा थाट. या पुस्तकाची फ्रेंच-इंग्रजी आवृत्ती १४८० च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने छापली. कॅक्स्टन इंग्लंडचा पहिला मुद्रक म्हणून ओळखला जातो, पण त्याआधी तो ब्रुजमध्ये कापडाचा व्यापारी होता आणि तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा प्रमुखही. म्हणजे इंग्लंडच्या पहिल्यावहिल्या छापील पुस्तकांत व्यापारी संभाषणाचे एक पुस्तक आहे. पुढच्या शतकात अँटवर्पच्या नोएल व्हान बेर्लेमों या शिक्षकाचे असेच पुस्तक इतके खपले की त्यात एकेक भाषा वाढत जाऊन ती आठपर्यंत पोचली. उधारी कशी मागावी, पत्र कसे लिहावे, हे सगळे त्यात होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या रकान्यांत इंग्रजीलाही जागा मिळाली, तीही उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. लंडनमध्ये इटालियन शिकवणाऱ्या जॉन फ्लोरिओने १५७८ मध्ये आपल्या संवादांत एका पात्राकडून वदवून घेतले आहे की इंग्रजी इंग्लंडात उपयोगी पडेल, पण डोव्हर ओलांडले की तिला किंमत नाही. आठच वर्षांनी, १५८६ मध्ये, झाक बेलोने फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आलेल्या कारागीर-दुकानदारांसाठी एक छोटे पुस्तक काढले. त्यात इंग्रजी वाक्य, त्याचे फ्रेंच आणि उच्चार कळावा म्हणून फ्रेंच वळणाने लिहिलेले इंग्रजी, असे तीन रकाने होते. पोटासाठी इंग्रजी शिकणाऱ्या परक्या माणसाकरिता केलेले हे अगदी सुरुवातीचे पुस्तक. आपल्याकडच्या इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या स्वस्त पुस्तकांचे ते पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आता आपण पूर्वेकडे वळू. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तो होता फादर थॉमस स्टीफन्स, मराठी वाचकांच्या ओळखीचा 'क्रिस्तपुराण'कार. त्याने इथल्या लोकांना इंग्रजी शिकवली नाही, तोच मराठी शिकला. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे सोबती इंग्रज व्यापारी कैद होऊन गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्सने खटपट केली. १६०० च्या ३१ डिसेंबरला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि तिच्या नोकरांपुढे पहिला प्रश्न आला तो भाषेचा. मसाल्याच्या बेटांवर मलय लागे. डच दर्यावर्दी फ्रेडरिक द हौतमनने १६०३ मध्ये मलय संवादांचे पुस्तक छापले होते, ते ऑगस्टिन स्पाल्डिंग या कंपनीच्या माणसाने १६१४ मध्ये इंग्रजीत आणले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मात्र व्यापाराची भाषा होती पोर्तुगीज, तीही मोडकीतोडकी, बंदरोबंदरी वेगळी. आपल्या मराठीत लिलाव, पगार, चावी, घमेले हे शब्द त्याच काळाने ठेवून दिले आहेत. १६९८ च्या सनदेत तर कंपनीच्या पाद्र्यांनी इथे आल्यावर वर्षभरात पोर्तुगीज शिकावी असे कलमच होते. बाकी सारी भिस्त दुभाष्यांवर. शिवाजी महाराजांशी बोलणी करताना मुंबईकर इंग्रजांच्या बाजूने नारायण शेणवी हा दुभाषी असे. राजापूरच्या लुटीची भरपाई असो की १६७४ मधली हेन्री ऑक्झिंडेनची वकिलात, दोन्हीकडचा शब्द त्याच्या तोंडून जात होता. व्यापारातला विश्वास अशा एका माणसाच्या जिभेवर तोललेला होता.

अठराव्या शतकात इंग्रजीचे नशीब पालटले. व्यापार वाढला, लंडन मोठे झाले आणि दुकानदाराने कसे लिहावे यावर पुस्तके निघू लागली. 'रॉबिन्सन क्रूसो'मुळे आपल्याला ठाऊक असलेला डॅनिएल डीफो आधी स्वतः व्यापारी होता, आणि दिवाळे निघण्याचा अनुभवही त्याच्या गाठी होता. १७२० च्या दशकात लिहिलेल्या 'द कम्प्लीट इंग्लिश ट्रेड्समन' या ग्रंथात त्याने व्यापारी पत्राला स्वतंत्र जागा दिली. अलंकारिक पत्र लिहिणाऱ्या नवशिक्या दुकानदाराची त्याने थट्टा केली आणि सांगितले की ज्याला माल मागायचा आहे त्याने माल मागावा. पत्राला साचाही याच काळात पक्का होत गेला. आधी पत्र पोचल्याची पावती, मग मजकूर, शेवटी आज्ञाधारक सेवक असल्याची कबुली. चालू महिन्याला 'इन्स्टंट', मागच्याला 'अल्टिमो', पुढच्याला 'प्रॉक्सिमो' ही लॅटिन पिलावळ विसाव्या शतकापर्यंत टिकली. मोडी पत्रे पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. 'विज्ञापना ऐसीजे' आले की मजकूर सुरू झाला आणि 'बहुत काय लिहिणे' आले की संपला, हे आपल्या कारकुनांनाही पाठ होते. साचा असला की वाचणाऱ्याला कुठे काय सापडेल हे आधीच ठाऊक असते. लांबच्या, कधी न पाहिलेल्या माणसाशी व्यवहार करताना ती केवढी तरी सोय असते.

पण या भाषेने खरे नवे रूप धारण केले ते चीनच्या किनाऱ्यावर. १७५७ पासून पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार कँटन या एकाच बंदरात कोंडला गेला. परक्यांना चिनी शिकवणे तिथे निषिद्ध होते, आणि चिनी व्यापाऱ्यांना इंग्रजी शिकवायला शाळा नव्हती. त्यातून उभी राहिली ती 'पिजिन'. शब्द बहुतेक इंग्रजी, वळण चिनी. तिचे नावच 'बिझनेस' या शब्दाच्या चिनी उच्चारातून आले असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे 'बिझनेस इंग्लिश' हे नाव वर्गाच्या पाटीवर येण्याच्या कितीतरी आधी कँटनच्या वखारींत ते प्रत्यक्ष नांदत होते. 'तांबड्या केसांच्या लोकांची बोली' अशा अर्थाच्या नावाची स्वस्त चोपडी बाजारात मिळत. त्यांत आधी चिनी अर्थ आणि मग त्या इंग्रजी शब्दाच्या आवाजाशी जुळणारी चिनी चिन्हे असत. लंडनमध्ये बेलोने जे फ्रेंचांसाठी केले, तेच इथे चिनी माणसाने चिन्यांसाठी केले. या बोलीत आपलाही वाटा होता. मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात; जमशेटजी जीजीभाईंनी तरुणपणी अशा अनेक सफरी केल्या. शिक्क्यासाठी 'चॉप' हा शब्द तिथे चालला, तो आपल्या 'छाप'वरून. 'चिट' आली चिठ्ठीवरून, आणि सराफाचे तर आपण पाहिलेच. खरेदीदाराला 'कॉम्प्रादोर' म्हणत, तो पोर्तुगीज शब्द. व्याकरणाच्या शिक्षकाने कपाळाला हात लावावा अशी ही भाषा, पण तिच्यावर चहाच्या पेट्या आणि चांदीच्या राशी हलत होत्या. शब्दाचा भाव दोघांना मान्य असला की व्याकरणावाचून फारसे अडत नव्हते.

१८४२ च्या नानकिंग तहाने कँटनची मक्तेदारी मोडली आणि नवी बंदरे उघडली. आता पिजिन अपुरी पडू लागली. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला आणि पुढे जार्डिन मॅथेसन पेढीचा कॉम्प्रादोर झालेला तोंग किंग-सिंग याने १८६२ मध्ये कँटनच्या लोकांसाठी सहा भागांचे इंग्रजी शिक्षणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. हाच माणूस पुढे चीनच्या पहिल्या मोठ्या आगबोट कंपनीचा कारभारी झाला. जपानमध्ये याच सुमारास एक मासलेवाईक प्रसंग घडला. फुकुझावा युकिची या सामुराई तरुणाने वर्षानुवर्षे कष्ट करून डच भाषा आत्मसात केली होती, कारण दोन शतके जपानचा युरोपशी संबंध डचांपुरताच होता. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परक्यांना खुले झाले, तेव्हा तो एदोहून चालत तिथे गेला. दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात आणि त्याचे डच कोणाला कळेना. शिकलेली विद्या एका दिवसात जुनी झाली. निराशा गिळून तो दुसऱ्याच दिवशी इंग्रजीच्या मागे लागला. १८७३ मध्ये त्याने अमेरिकन हिशेबशास्त्राचे पुस्तक जपानीत आणले, आणि १८७५ मध्ये मोरी आरिनोरीने तोक्योत व्यापारी शाळा काढली, तिचेच पुढे हितोत्सुबाशी विद्यापीठ झाले. जपानने भाषा आणि जमाखर्च एकाच वेळी शिकायला घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईत काय चालले होते? १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेच मुळी एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असे. १८३५ मध्ये मेकॉलेचे इंग्रजी शिक्षणाविषयीचे टिपण आले, १८३६ मध्ये मुंबईला बाँबे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले, १८४० मध्ये बँक ऑफ बाँबे. सरकारी नोकरीसाठी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या मागोमाग पेढ्यांतल्या कारकुनांची रांग उभी राहिली. परंतु देशी व्यापाराने आपली भाषा सोडली नव्हती. दर्शनी, मुदती, शहाजोग अशा हुंड्या मोडीत आणि महाजनीत लिहिल्या जात. हुंडी हरवली तर 'पैठ' निघे आणि तीही हरवली तर 'परपैठ'. इंग्रजी बिलाच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीसारखीच ही व्यवस्था. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम झाला, तेव्हा त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषेतल्या हुंडीच्या स्थानिक रिवाजाला संरक्षण दिले गेले. उलट हुंडीच्या मजकुरातच हा कायदा लागू राहील असे लिहिले असेल तर तो रिवाज बाजूला पडतो. एकाच बाजारात दोन व्यापारी भाषा आपापल्या ठरलेल्या अर्थांसह नांदत होत्या, आणि कायद्याने ते मान्य केले होते. ते कलम आजही आहे.

ठरलेला अर्थ निसटला की काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मुंबईच्याच कापसाने दिला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत सोन्याचा धूर निघत होता. सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला. माल मुंबईहून 'पीअरलेस' जहाजाने लिव्हरपूलला पोचायचा होता. शब्द स्वच्छ होते, व्याकरण निर्दोष होते. पण मुंबईहून निघणारी 'पीअरलेस' नावाची जहाजे दोन होती. एक ऑक्टोबरात सुटले, दुसरे डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिले होते, देणाऱ्याच्या मनात दुसरे. डिसेंबरचा माल आला तेव्हा घेणाऱ्याने तो नाकारला. १८६४ मध्ये राफल्स विरुद्ध विचेलहाउस या खटल्यात न्यायालयाने घेणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. आपल्या मागोव्यातही तो मैलाचा दगड आहे. व्यापारी भाषेतले अपघात अशुद्ध इंग्रजीतून घडतात ही आपली समजूत. इथे इंग्रजी निर्दोष असूनही एका विशेषनामाने घात केला.

सहाच वर्षांनी, १८७० मध्ये, समुद्राखालच्या तारेने मुंबई सुएझमार्गे लंडनला जोडली गेली आणि पत्रांची जागा तार घेऊ लागली. तारेला शब्दागणिक पैसे. मग आज्ञाधारक सेवकाला कोण विचारतो? सांकेतिक कोशांचा जमाना आला. क्लॉसन-थ्यूचा 'एबीसी कोड' १८७३ चा, बेंटलीचा कोश १९०६ चा. एकेका सांकेतिक शब्दाच्या पोटात अख्खे वाक्य भरलेले असे. बेंटलीचे शब्द पाच-पाच अक्षरांचे होते, म्हणजे दोन जोडून एकाच्या पैशात पाठवता येत. पेढीतल्या उमेदवाराला आता इंग्रजीच्या जोडीला हे कोश हाताळायला शिकावे लागे. काटकसरीलाही किंमत मोजावी लागली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जावातल्या बटाव्हियाहून व्हॅनिलाच्या शेंगांचा सौदा झाला. मालाच्या दर्जाबद्दल 'तज्ज्ञांचा' दाखला आल्यावर पैसे द्यावेत अशी पतपत्राची, म्हणजे 'लेटर ऑफ क्रेडिट'ची, अट होती. सांकेतिक तारेत एकवचन आणि अनेकवचन यांचा भेद उमटला नाही, तिकडच्या बँकेने एकाच तज्ज्ञाच्या दाखल्यावर पैसे देऊन टाकले. पेट्यांतून निघाले काटक्या, दगड आणि जुने लोखंड. प्रकरण इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि भुर्दंड बँकेला बसला. कागद जवळजवळ बरोबर असणे पुरेसे नाही, ते तंतोतंत बरोबर असले पाहिजेत, हा दंडक तिथे अशा ठणठणीत शब्दांत मांडला गेला की बँकांच्या परदेशी व्यवहार खात्यांत आजही त्याचा दाखला देतात.

दरम्यान शिकवणीचा धंदाही रूप घेत होता. आयझॅक पिटमनची लघुलिपी १८३७ ची, रेमिंग्टनने बाजारात आणलेला टंकलेखन यंत्राचा पहिला यशस्वी नमुना १८७४ चा, आणि लंडनच्या चेंबर ऑफ कॉमर्सने व्यापारी विषयांच्या परीक्षा सुरू केल्या त्या १८९० च्या सुमारास. या तिघांनी मिळून व्यापारी इंग्रजीला अभ्यासक्रम, वेग आणि प्रमाणपत्र दिले. मुंबईत सोराब दावर यांनी १९०० मध्ये आपले व्यापारी महाविद्यालय काढले आणि १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय उभे राहिले. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांनी ही भाषा शिकली ती वेगळ्या ठिकाणी. बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर, दहा-बारा यंत्रांच्या खडखडाटात, मिनिटाला तीस शब्द आणि मग चाळीस, अशा परीक्षा देत. गोदरेजचे पहिले देशी यंत्र १९५५ मध्ये आले आणि अशा माड्या आणखी वाढल्या. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' हे वाक्य अर्थ कळण्याआधी बोटांना पाठ होई. पुष्कळांचे इंग्रजी तेवढेच राहिले, पण त्या तेवढ्यावर संसार उभे राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. तिने आधी एक साधे काम केले. मालाच्या विक्रीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सहा संज्ञांचा निरनिराळ्या १३ देशांत काय अर्थ लावतात हे तपासून १९२३ मध्ये छापले. अर्थ जुळत नव्हते. त्यातून १९३३ मध्ये पतपत्रांची एकसारखी नियमावली आणि १९३६ मध्ये अशा संज्ञांचे ठरलेले अर्थ सांगणारे 'इन्कोटर्म्स' जन्माला आले. एफओबी, सीआयएफ ही तीन अक्षरे लिहिली की भाडे कोणाचे, विमा कोणाचा आणि माल बुडाला तर रडायचे कोणी, हे ठरून जाते. याच सुमारास, १९३० मध्ये, केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेनने ८५० शब्दांची 'बेसिक' इंग्रजी मांडली. त्या नावातले शेवटचे अक्षर 'कमर्शियल'चे होते. क्रियापदे अवघी १८. योजना गाजली आणि विरली. माणसांनी सगळी इंग्रजी आटवून घ्यायला नकार दिला, मात्र सौद्यापुरती ती त्यांनी ऑग्डेनपेक्षाही जास्त आटवली. १९७३ मध्ये १५ देशांच्या २३९ बँकांनी ब्रसेल्समध्ये 'स्विफ्ट' स्थापन केली आणि १९७७ पासून तिचे संदेश वाहू लागले. तिथे वाक्याची जागा क्रमांकित रकान्याने घेतली. पतपत्राचा संदेश ७००; त्यात मालाचे वर्णन ४५-ए मध्ये, लागणारी कागदपत्रे ४६-ए मध्ये. मुंबईच्या बँकेतला अधिकारी शांघायच्या अधिकाऱ्याशी रोज या भाषेत बोलतो, आणि दोघांचे उच्चार एकमेकांना कधी ऐकूही येत नाहीत.

याच दशकाच्या अखेरीस शिकणाऱ्याचे माप घेण्याचाही उद्योग सुरू झाला. जपानच्या मागणीवरून १९७९ मध्ये 'टोइक' ही परीक्षा सुरू झाली. केंब्रिजची बिझनेस इंग्लिशची प्रमाणपत्रे १९९३ मध्ये आली ती आधी चीनमध्ये. २०१० मध्ये जपानच्या राकुतेन कंपनीने आपला अंतर्गत कारभार इंग्रजीतून करण्याचे जाहीर केले. म्हणजे जपानी माणूस जपानी माणसाला जपानमध्येच इंग्रजीत टिपण पाठवणार. नव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत मुले रात्रपाळीला अमेरिकन उच्चार घटवत होती. त्याआधी, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाला आपल्याच कंपन्यांसाठी साधी इंग्रजी कशी लिहावी याचे हातपुस्तक काढावे लागले. त्याच्या प्रस्तावनेत वॉरन बफे सांगतात की अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणी समोर बसल्या आहेत अशी कल्पना करतात. डीफोने दुकानदाराला जे बजावले होते, तेच पावणेतीनशे वर्षांनी इंग्रजी जन्मभाषा असलेल्या मोठमोठ्या कंपन्यांना पुन्हा ऐकवावे लागले.

आता आपण घरी परत येऊ. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षे शीतकंटेनरात भरून न्हावा-शेव्याला जातात आणि बीजकावर आपला निर्यातदार सवयीने 'एफओबी' लिहितो. ही संज्ञा शिडाच्या जहाजांच्या काळातली. जहाजाच्या कठड्यावरून माल पलीकडे गेला की जोखीम घेणाऱ्याची, असा तिचा जुना अर्थ होता. 'इन्कोटर्म्स'च्या २०१० च्या आवृत्तीत तो कठडा गेला आणि माल जहाजावर चढणे ही कसोटी आली. पण कंटेनर जहाजावर चढण्याआधी बंदराच्या आवारात उभा राहतो. तेवढ्यात शीतयंत्र बंद पडून द्राक्षे नासली, तर 'एफओबी' लिहिणाऱ्याचे नुकसान त्याच्याच माथी. कंटेनरच्या मालाला 'एफसीए' वापरा, असे इंटरनॅशनल चेंबरचे सांगणे आहे. वाहतूकदाराच्या हाती माल दिला की तिथे जोखीम संपते. या दोन अक्षरांच्या फरकात वर्षाचे पीक बसते. उच्चार सुधारणाऱ्या शिकवणीत हे क्वचितच सांगितले जाते.

सातशे वर्षांच्या या वाटेवर व्यापारी इंग्रजी घडवणाऱ्यांत इटालियन होते, फ्लेमिश होते, पोर्तुगीज, पारशी, चिनी, जपानी होते, आणि इंग्रजही होते. हुंडीच्या पाठीवर सह्या वाढत जाव्यात तशी ती हातोहात पुढे आली, आणि त्या सह्यांत आपल्या सराफाची एक आहे. म्हणून ही भाषा शिकायला बसणाऱ्याने न्यूनगंड बाळगण्याचे काही कारण नाही. त्याने फक्त एवढे करावे की कराराखाली सही करण्याआधी त्यातल्या प्रत्येक संज्ञेचा ठरलेला अर्थ विचारून घ्यावा. वर्गात नाही, तर बँकेच्या खिडकीवर.